कॉन्स्टंटाइनने बायबल ठरवलं का? आणि युसेबियसवर किती भिस्त ठेवायची?

नाळेकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी वसईचा, जन्माने कॅथलिक. २०२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेला १७०० वर्षं झाली, म्हणून आमच्या धर्मग्रामात एक व्याख्यान झालं. तेव्हापासून मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटलाय तो विझायचं नाव घेत नाही. एक जण म्हणतो, ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना एकत्र बसवून मतदान घेतलं, सोयीची चार शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) ठेवली, बाकीची जाळली; येशूला देव ठरवलं तेही तिथेच. दुसरा म्हणतो, हे सगळं कादंबऱ्यांतलं आहे, खरा इतिहास चौथ्या शतकातल्या युसेबियस नावाच्या बिशपने लिहून ठेवलाय, तो वाच म्हणजे कळेल.

म्हणून युसेबियसच्या चर्चच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर मिळवून वाचायला घेतलं. पहिल्याच भागात अडखळलो. एडेसाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) अबगार राजाने येशूला लिहिलेलं पत्र आणि येशूने पाठवलेलं उत्तर, दोन्ही त्याने उतरवून दिली आहेत! एडेसाच्या दप्तरखान्यातून मिळाली म्हणतो. असली पत्रं खरी मानणाऱ्या माणसाच्या बाकीच्या इतिहासावर विश्वास कसा ठेवायचा?

आणखी एक. घरात एक जुनी स्मरणिका आहे. तीत म्हटलंय की येशूचे शिष्य संत बार्थोलोम्यू कल्याणला आले होते, आणि आधार म्हणून नाव दिलंय परत युसेबियसचंच. म्हणजे एकाच माणसावर सगळा डोलारा उभा आहे की काय? मला श्रद्धेचा वाद नकोय. इतिहास म्हणून यातलं काय टिकतं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

अबोली:

नाळेकर, प्रश्न मनापासून आवडला. मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे आणि रोमन काळ हा माझा जिव्हाळ्याचा विषय. तुमचे दोन्ही मित्र अर्धवट बोलत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नायसिया. परिषदेने केलेले वीस नियम आज आपल्यासमोर आहेत, कुणीही वाचू शकतं. स्वतःला खच्ची करून घेतलेल्या माणसाला धर्मगुरू होता येईल का, धर्मगुरूंनी व्याजाने पैसे लावावेत का, रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करावी की उभं राहून, इथपर्यंत बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत यावर अवाक्षर नाही. भांडण होतं ते अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या शिकवणीवर. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पुत्र नव्हता असाही एक क्षण होता, असं तो म्हणे. परिषदेने ते नाकारलं. शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोनच निघाले, दोघेही लिबियाचे; त्यांना आणि आरियसला हद्दपार केलं. सम्राटाचा दबाव होता का? होता. पण ख्रिस्ताला देव मानणं तिथे सुरू झालं हे म्हणणं साफ चूक. त्याच्या दोनशे वर्षं आधी, साधारण ११२ साली, बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी ट्राजन बादशहाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं गातात. लिहिणारा ख्रिस्ती नाही, उलट या लोकांना शिक्षा करणारा अधिकारी आहे. म्हणून या साक्षीला वजन आहे.

मग पुस्तकांच्या निवडीची गोष्ट आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक ग्रंथात एक चमत्कार सांगितलाय: सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवली, प्रार्थना केली, खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. अठराव्या शतकात व्हॉल्टेअरने ती कथा उचलली, पुढे ती कादंबऱ्यांत शिरली आणि आता तुमच्या ग्रुपवर पोचली.

प्रत्यक्षात निवड फार सावकाश झाली. १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या एका धनिकाने जुना करार पूर्ण बाजूला सारला आणि लूकचं शुभवर्तमान काटछाट करून, पौलाची दहा पत्रं जोडून स्वतःचा संच केला. तिथल्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली दोन लाख सेस्टर्सेस (रोमन नाणी)ही परत केले. इकडे १८० च्या सुमारास लियॉनचा बिशप इरेनियस ठासून सांगतो की शुभवर्तमानं चारच. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या आजोबांच्याही आधी चारांचा आग्रह धरला जात होता. युसेबियस स्वतः पुस्तकांची वर्गवारी देतो: सर्वमान्य, वादातली आणि बनावट. प्रकटीकरणाचं पुस्तक तर तो "योग्य वाटल्यास" असं म्हणून सर्वमान्यांतही टाकतो आणि "योग्य वाटल्यास" म्हणूनच बनावटांतही! आज आपल्या नव्या करारात आहेत नेमकी तीच सत्तावीस पुस्तकं पहिल्यांदा एका यादीत दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७ सालच्या ईस्टरच्या पत्रात. नायसियानंतर बेचाळीस वर्षांनी. कॉन्स्टंटाइनने काय केलं, तर नव्या राजधानीतल्या चर्चसाठी पन्नास सुबक प्रती तयार करून पाठव, असा हुकूम युसेबियसला दिला.

आता युसेबियस. या माणसाबद्दल मला खरंच आपुलकी आहे आणि त्याच्यावर नजर ठेवूनच वाचावं असंही मी विद्यार्थ्यांना बजावत असे. पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याच्या ग्रंथांभोवती उभं राहिलेलं एक मोठं ग्रंथालय होतं. त्याचा सांभाळ करणारा पॅम्फिलस हा युसेबियसचा गुरू. ३०३ साली डायोक्लेशियन बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. प्रार्थनाघरं पाडताना आणि पवित्र ग्रंथ भर बाजारात जाळताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं युसेबियस आपल्या इतिहासाच्या आठव्या भागात लिहितो. पॅम्फिलसला तुरुंगात टाकलं. गुरूशिष्यांनी ओरिजेनच्या बचावाचा ग्रंथ त्या काळात मिळून लिहिला. ३१० मध्ये पॅम्फिलसला ठार केलं. युसेबियसने पुढे आयुष्यभर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून घेतलं. ज्याने पुस्तकं जळताना पाहिली तो जुनी पत्रं इतक्या अधाशीपणाने का उतरवून ठेवतो, हे यावरून समजतं.

पण त्याच आठव्या भागात तो उघड सांगतो की छळाआधीची आपापसांतली भांडणं मी लिहिणार नाही, आम्हाला आणि पुढच्यांना हितकारक असेल तेवढंच देईन. या वाक्यावरून इंग्रज इतिहासकार गिबनने १७७६ नंतर त्याला चांगलंच धारेवर धरलं. लिसिनियस बादशहाचं बघा. कॉन्स्टंटाइनचा साथीदार होता तोवर युसेबियसच्या लेखी तो देवाचा लाडका. ३२४ मध्ये हरला आणि पुढच्या आवृत्तीत दुष्ट झाला. कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस याची स्तुती इतिहासात आहे. ३२६ मध्ये बापाने त्याला मारवलं. नंतर लिहिलेल्या कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात हा मुलगा जणू जन्मलाच नव्हता.

मग वाचायचं कसं? मणी जुने आहेत, दोरा त्याचा आहे. दोन्ही वेगळे करून वाचा. पाचवा भाग उघडा. आजच्या फ्रान्समधल्या लियॉन आणि व्हिएन इथल्या मंडळ्यांनी १७७ सालच्या छळाची हकिकत आशियातल्या भावांना कळवली, ते पत्र तिथे पानंच्या पानं उतरवलंय. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांनी तुरुंगात गेला. ब्लँडिना नावाची गुलाम मुलगी, अंगाने इतकी नाजूक की ती टिकणार नाही अशी तिच्या मालकिणीलाच धास्ती होती. तिचे हाल करणारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने थकले. शेवटी तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकलं. पंधरा वर्षांच्या पोंटिकसला ती धीर देत होती. प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवून मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. युसेबियसने हे उतरवलं नसतं तर ब्लँडिनाचं नाव आज कुणालाही ठाऊक नसतं.

आणि दुसऱ्या शतकातला बिशप पापियास! त्याची अक्कल बेताचीच होती असं युसेबियस तोंडावर सांगतो, पण मार्कने पेत्राच्या आठवणी लिहून ठेवल्या हे पापियासचं वचन मात्र तसंच्या तसं देतो. पापियासचे पाचही ग्रंथ हरवले, ही अवतरणं उरली. ज्याचं मत पटत नाही त्याचेही शब्द राखणारा लेखक मी नुसता प्रचारक म्हणून मोडीत काढणार नाही. अबगारची पत्रं बनावट आहेत यात शंका नको. पण ती एडेसाच्या लोकांनी रचली. त्याने विश्वासाने घेतली.

रानजाई:

ताई, लेख म्हणून छापावा असं लिहिलंत. पण एक गोष्ट खटकली. युसेबियसने उतरवलेली पत्रं कुणाची? त्याच्याच बाजूच्या लोकांची. हरलेल्यांची पत्रं त्याने कापून, शिव्यांसकट दिली. जर्मनीत वॉल्टर बाउअर या अभ्यासकाने १९३४ मध्येच दाखवलं की कित्येक ठिकाणी ज्याला पुढे पाखंड म्हटलं तेच आधी होतं, आणि रोमचं मत नंतर लादलं गेलं. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेली पुस्तकं पाहा. थोमाचं शुभवर्तमान, ११४ वचनं. ही परंपरा गाडली गेली होती, अक्षरशः. ३८० साली थिओडोसियस बादशहाने एकच मत अधिकृत केलं. मग जेत्यांचा इतिहास म्हणायला काय हरकत?

अबोली:

रानजाई, हरकत अजिबात नाही, पण जेत्यांचा म्हणून थांबायचं नाही एवढंच म्हणते. बाउअरने आमच्या विषयाचं फार भलं केलं. त्याआधी सगळे युसेबियसच्या चौकटीत विचार करत: आधी शुद्ध शिकवण, मग तिच्यात भेसळ. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक भांडले तेही याच चौकटीत. १५५९ पासून लूथरच्या अनुयायांनी शतकवार खंड काढून दाखवलं की भेसळ पोपने केली. रोमकडून बॅरोनियसने १५८८ पासून बारा खंडांत उत्तर दिलं की शुद्ध धारा आमचीच. मेहनत दोघांची अफाट, कागदपत्रं दोघांनी खणून काढली. पण शुद्ध धारा होतीच का, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. तो बाउअरने विचारला.

एडेसाबद्दल त्याचं म्हणणं बरंचसं टिकलं आहे. तिथे सनातनी मताच्या लोकांना पालूत नावाच्या बिशपवरून "पालूतचे लोक" म्हणत. चौथ्या शतकात संत एफ्रेम या नावावर चिडून लिहितो. ज्यांना एखाद्या माणसाच्या नावाने ओळखतात ते गावात बहुसंख्य नसतात, हे उघड आहे. पण इजिप्तबद्दल बाउअरने पुरावा नाही यालाच पुरावा मानलं, आणि दुसऱ्या शतकातल्या रोमच्या मंडळीला नसलेली ताकद दिली. तिथे त्याचं मला पटत नाही.

नाग हम्मादीचं म्हणाल तर त्या तेरा वह्यांपैकी काहींच्या कातडी पुठ्ठ्यांत रद्दी पपायरस भरला होता. त्यातल्या काही कागदांवर तारखा आहेत: ३४१, ३४६, ३४८. म्हणजे वह्या बांधल्या गेल्या त्या नायसियानंतर. कॉन्स्टंटाइनने सगळी जाळली म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्याच्या पश्चातही इजिप्तमध्ये कुणीतरी ही पुस्तकं काळजीने नकलून बांधत होतं. आणि त्यांत सगळं एका पंथाचं नाही, प्लेटोच्या एका संवादाचा तुकडासुद्धा आहे. इरेनियसने विरोधकांची खिल्ली उडवत जे सांगितलं ते आता त्यांच्याच ग्रंथांशी ताडून पाहता येतं. कधी तो बरोबर निघतो, कधी अन्याय करतो.

जेत्यांच्या इतिहासाबाहेर जायचं तर मला वाद घालणाऱ्या ग्रंथांपेक्षा माती आणि दप्तरं जास्त मोलाची वाटतात. युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे एक साधं घर सापडलं. साधारण २४० मध्ये आतली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, एका बाजूच्या खोलीत स्नानसंस्काराचं कुंड बांधलं, भिंतीवर मेंढपाळ रंगवला, पक्षाघाती माणूस खाट उचलून निघालेला रंगवला. २५६ मध्ये इराणी फौजेने शहर घेतलं आणि तटबंदीसाठी टाकलेल्या भरावाखाली ते घर तसंच राहिलं. त्या मंडळीचं मत कोणतं होतं हे भिंती सांगत नाहीत. पण घर, मालक, पाण्याचं कुंड, साठ-सत्तर माणसं मावतील एवढी खोली, हे सगळं खरं आहे.

प्लिनीच्या त्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती मला कायम अस्वस्थ करते. खरं काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन गुलाम बायकांचा छळ करवला. त्यांच्या लोकांत त्यांना सेविकेचा हुद्दा होता असं तो लिहितो. नावं दिलेली नाहीत. युसेबियसच्या इतिहासात बिशपांच्या याद्यांवर याद्या आहेत, रोम, अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, यरुशलेम. ११२ साली बिथुनियात मंडळीचा भार उचलणाऱ्या या दोघी कोणत्याही यादीत नाहीत. त्या आपल्याला कळतात त्या छळ करणाऱ्याच्या पत्रातून. रानजाई, तुमचा मुद्दा मला या दोघींच्या बाबतीत सगळ्यात जास्त पटतो.

कोचीकर_मराठी:

नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात आहे. इथून एक भर घालतो. वरची सगळी चर्चा रोमन साम्राज्याच्या आतली झाली, पण ख्रिस्ती धर्म पूर्वेकडेही तितकाच लवकर गेला. इराणी साम्राज्यातल्या मंडळ्यांची स्वतःची परिषद ४१० मध्ये सेल्युशिया-क्टेसिफोनला झाली. त्यांचे धर्मप्रसारक ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोचले, हे ७८१ च्या शिआन शिलालेखावर कोरलेलं आहे. त्यांच्या सिरियाई बायबलच्या जुन्या प्रतींत नव्या कराराची पुस्तकं बावीसच, प्रकटीकरण नाही. इथियोपियाच्या मंडळीकडे तर सगळी मिळून एक्क्याऐंशी, त्यात हनोखाचं पुस्तक. मग ग्रुपवरच्या मित्राला विचारा, कॉन्स्टंटाइनने ठरवलेलं बायबल नेमकं कोणतं?

आणि पुस्तकं जाळण्याबद्दल. ती इथे जाळली गेली. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि केरळातल्या ख्रिस्ती लोकांची सिरियाई पुस्तकं एक तर दुरुस्त करवली नाही तर नष्ट करवली. इथल्या जुन्या घराण्यांत ही जखम अजून बोलून दाखवतात. सोळाव्या शतकाआधीचा इथला इतिहास लिहिताना हातात ताम्रपट आणि दगडी क्रूस जास्त, ग्रंथ कमी, त्याचं हे एक मोठं कारण.

नाळेकर:

कोचीकर, उदयंपेरूरचं मला माहीतच नव्हतं. अबोलीताई, मग कल्याणचं काय? युसेबियसने बार्थोलोम्यूंचं खरंच लिहिलंय का?

अबोली:

कोचीकरांचे आभार. आग रोमच्या बादशहाने लावली असं वाटत असताना गोव्याहून निघालेला हुकूम समोर येतो. आपण पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी हे वाचायलाच हवं.

कल्याणबद्दल. पाचव्या भागातच, ब्लँडिनाच्या पुढे थोड्या पानांवर तो मजकूर आहे. अलेक्झांड्रियाचा शिक्षक पँटिनस भारतात गेला, तिथे त्याला मत्तयचं शुभवर्तमान हिब्रू लिपीत मिळालं आणि ते बार्थोलोम्यूने ठेवलं होतं, "असं म्हणतात". हे "असं म्हणतात" युसेबियसचंच आहे, स्मरणिकेने ते गाळलं असणार. कल्याण हे नाव त्यात नाही. त्या काळचे ग्रीक लेखक दक्षिण अरबस्तान आणि इथियोपियालाही भारत म्हणून जात, त्यामुळे किनारा कोणता हेही नक्की नाही. बार्थोलोम्यू आणि कल्याण यांची सांगड नंतर घातली गेली. परंपरा म्हणून ती जपावी, माझी ना नाही. पण युसेबियसची सही तिच्यावर मारू नये.

कल्याणसाठी याहून भक्कम साक्षीदार आहे, आणि त्याचं नाव स्मरणिकांत क्वचित येतं याचं मला वाईट वाटतं. सहाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो की कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणमध्ये दीक्षा घेतलेला बिशप असतो. काही जण हे ठिकाण केरळात शोधतात. पण हिंदी महासागरातल्या व्यापाराची पहिल्या शतकातली जी ग्रीक मार्गदर्शिका आहे, तिच्यात याच किनाऱ्यावर, सोपाऱ्याच्या जवळ, कल्लिएना बंदर येतं. म्हणून मी कल्याणच्या बाजूने आहे. कोचीकर म्हणतात त्या सिरियाई मंडळीचीच ही शाखा.

आणि ती टिकली असावी. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते तिथल्या एका पूर्व सिरियाई ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. पोर्तुगिजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, म्हणजे त्यांच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती बिऱ्हाड होतं आणि परदेशी पाहुण्यांना ते ओसरी देत होतं. गोव्यात आगशीला सापडलेल्या एका क्रूसावर पहलवी, म्हणजे जुनी इराणी अक्षरं आहेत, तोही याच समुद्रमार्गावरचा.

स्मरणिकेची नवी आवृत्ती काढायचं कुणाच्या मनात असेल तर हे तिघे घालायला सांगा: कॉस्मस, ठाण्याचं ते घर आणि आगशीचा क्रूस. बार्थोलोम्यूंच्या परिच्छेदात युसेबियसचं वाक्य "असं म्हणतात" यासकट पूर्ण छापा. आणि तुम्ही स्वतः वाचताना पहिला भाग तूर्त सोडून पाचवा घ्या, मग तिसरा, मग आठवा. पहिल्याकडे शेवटी या, म्हणजे अबगारपाशी अडणार नाही.